कन्व्हर्टर बदलण्याआधी पावतीवरचे आकडे पाहावेत
जुनी पेट्रोल गाडी पीयूसीत नापास झाली की थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू कमी करणारा भाग) बदलावा, हा सल्ला मला घाईचा वाटतो. आधी पीयूसीच्या पावतीवरचे दोन आकडे वेगवेगळे वाचावेत: कार्बन मोनॉक्साइड जास्त असेल, तर हवेच्या मानाने इंधन अधिक जात आहे, म्हणून एअर फिल्टर आणि धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर तपासावा; केवळ हायड्रोकार्बन जास्त असेल, तर पेट्रोल न जळताच बाहेर पडत असते आणि पहिला संशय स्पार्क प्लगवर घ्यावा.

शिवाय कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यावरच नीट काम करू लागतो. माझी बीएस-३ (जुन्या प्रदूषण मानकाची) गाडी दादरला घराजवळच्या केंद्रावर थंड इंजिनानिशी नापास झाली होती; पूर्व द्रुतगती मार्गावर पुरेशी चालवून लगेच तपासली, तेव्हा एकही भाग न बदलता ती उत्तीर्ण झाली.