प्रतिसाद: नायट्रोजनची आयनन ऊर्जा ऑक्सिजनपेक्षा जास्त का?

आयनन ऊर्जा म्हणजे अणूतून एक इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा. 'नायट्रोजनची बाहेरची तीन ऑर्बिटलं (इलेक्ट्रॉनांच्या जागा, प्रत्येकीत जास्तीत जास्त दोन मावतात) अर्धी भरलेली असतात आणि अशी रचना स्थिर असते, म्हणून' हे नेहमीचं उत्तर परीक्षेत चालेल, पण मला ते अर्धवट वाटतं. आकडे ओळीने मांडून बघा (किलोज्यूल प्रति मोल): बोरॉन ८०१, कार्बन १०८६, नायट्रोजन १४०२, मग ऑक्सिजन १३१४, फ्लोरीन १६८१, निऑन २०८१.

पहिल्या तिघांत दर पायरीला साधारण ३०० ची वाढ आहे. नायट्रोजन एकटाच विशेष स्थिर असता, तर फ्लोरीन पुन्हा त्याच रेषेवर, म्हणजे २००० च्या आसपास आला असता. तसं होत नाही. ऑक्सिजन, फ्लोरीन, निऑन तिघंही मिळून त्या रेषेच्या खाली सरकलेत! नायट्रोजन वर उडालेला नाही, पुढचे तिघं घसरलेत.

कारण त्या तिघांत निघून जाणारा इलेक्ट्रॉन जोडीतला असतो. एकाच ऑर्बिटलमध्ये दोघांचं प्रतिकर्षण जास्त, शिवाय समान फिरकीच्या (स्पिनच्या) इलेक्ट्रॉनांना एकमेकांमुळे मिळणारी जादा स्थिरता, म्हणजे विनिमय ऊर्जा, ऑक्सिजनमध्ये बाकीच्या p इलेक्ट्रॉनांकडून त्याच्या वाट्याला येत नाही, म्हणून तो तुलनेने सहज सुटतो.

जाता जाता, आवर्त सारणीत याच दोघांच्या खालची जोडी बघा: फॉस्फरस १०१२, सल्फर १०००. ऑर्बिटल मोठं झालं, दाटी कमी झाली, फरक जेमतेम १२ वर आला.