भासमान की आभासी?

खगोलशास्त्रावरच्या एका पुस्तिकेचं भाषांतर करतेय. 'तारकांमधून सूर्याचा जो वार्षिक भासमान मार्ग, ते क्रांतिवृत्त' असं मी लिहिलं. मुद्रितशोधकांनी 'भासमान' खोडून 'आभासी' केलं. आजच्या वाचकाला तेच कळतं म्हणे. मला खटकतंय. आभासी म्हटलं की पडद्यावरचं, खरं नसलेलं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. तुम्ही काय वापराल?

— भासमानच. शाळेच्या भूगोलात 'सूर्याचे भासमान भ्रमण' घोकलंय. शिवाय आभास म्हटला की त्यात चूक आलीच, जसा हेत्वाभास, म्हणजे वरवर पटणारा पण चुकीचा तर्क. इथे चूक कुठे आहे? सूर्य ताऱ्यांच्या संदर्भात रोज साधारण एक अंश पूर्वेला सरकलेला असतोच. फिरते पृथ्वी, एवढंच. आणि भास् म्हणजे प्रकाशणंसुद्धा! सूर्याला याहून शोभणारा शब्द कुठला?

— धातू वाचकाला दिसत नाहीत हो. सरळ 'सूर्याचा दिसणारा मार्ग' लिहा. क्रांतिवृत्त तरी कशाला हवं? क्रांती म्हटलं की लोकांना १७८९ आठवतं. रविमार्ग म्हणा.

— रविमार्गाला माझा ठाम विरोध. ज्योतिषगणितात क्रांती म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं, म्हणजे पृथ्वीचं विषुववृत्त आकाशात वाढवलं की होणाऱ्या वर्तुळापासूनचं, उत्तर-दक्षिण अंतर. क्रांतिवृत्त या विषुववृत्ताशी सुमारे २३.४ अंशांनी कललेलं आहे, म्हणून सूर्याची क्रांती वर्षभर बदलत राहते. जुन्या सिद्धांतग्रंथांनी परमक्रांती, म्हणजे सूर्याची जास्तीत जास्त क्रांती, २४ अंश धरली होती. तो कल नसता तर ऋतूच नसते, आणि 'मार्ग' या शब्दात तो कुठेच दिसत नाही. मूळ धातू क्रम्, पाऊल टाकणे. संक्रांत, आक्रमण, अतिक्रमण ही सगळी भावंडंच.

— आम्हाला क्रांतिवृत्ताऐवजी आयनिकवृत्त हा शब्द शिकवला होता. अयन म्हणजेही जाणंच, तेव्हा त्यालाही हक्क आहे. 'एक्लिप्टिक' हे इंग्रजी नाव मात्र ग्रहणावरून (एक्लिप्स) पडलंय, कारण चंद्र या वर्तुळाच्या अगदी जवळ असतानाच ग्रहणं होतात. आपल्या नावांत सूर्याची चाल आहे, त्यांच्यात ग्रहण. मला आपली जास्त आवडतात.

— वर संक्रांत आली म्हणून विचारते. सूर्य एका राशीतून दुसरीत गेला की संक्रांत, म्हणजे वर्षाला बारा. मग 'नोकरीवर संक्रांत आली' हा वाईट अर्थ कुठून चिकटला?

— 'आली' नव्हे, 'कोसळली'. आमची आजी तरी तसंच म्हणायची.

— दोन्ही चालतात. 'ओढवली' पण ऐकलंय.

— मंडळी, पुस्तिका उद्या छपाईला जातेय. भासमान की आभासी?

— 'ओढवतं' ते संकट. संक्रांत येतेच, कारण ती मुळात सूर्याचं येणं आहे.