साल्हेरच्या पायथ्याला उन्हाळ्यासाठी सूचनाफलक: मजकूर काय लिहावा, कुठे लावावा?

वाघांबे_वाट:
मार्च ते मे या काळात वाघांबे गावाकडून साल्हेर आणि सालोटा हे मधल्या खिंडीने जोडलेले दोन किल्ले एकाच दिवसात करायला बरेच जण येतात. नाशिकहून सकाळी ६ ला गाडी निघते, म्हणजे चढाई सुरू होईपर्यंत साडेनऊ वाजतात. माणशी पाणी एक लिटर. ग्रामस्थांनी मिळून फलक लावायचं ठरवलंय. 'सावधान, धोकादायक किल्ला' असल्या पाट्यांसमोर कोणी थांबत नाही. मजकूर काय असावा? आणि पावसाळ्यात टिकेल असा फलक कशाचा करावा?

घसारा:
'सावधान' वाचून कोणी मागे फिरत नाही, कारण प्रत्येकाला ते दुसऱ्यासाठी लिहिलंय असं वाटतं. वाचणाऱ्याला उभ्या उभ्या स्वतःला तपासता येईल असं लिहा:

साल्हेर, उंची १५६७ मीटर. वाटेत सावली नाही.
पाठीवर माणशी ४ लिटर पाणी आहे?
८ वाजायच्या आत निघताय?
एकाचंही उत्तर 'नाही' असेल, तर आज खिंडीच्या पुढे जाऊ नका.
अर्धं पाणी संपलं, की असाल तिथून परत फिरा.

एवढंच. सहावी ओळ घातलीत तर पहिल्या पाचही वाचल्या जाणार नाहीत.

'अर्धं पाणी'ची ओळ काढू नका. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या खोल दरीत आधी उतार आणि मग चढ असतो. दमल्याचं कळेपर्यंत सगळा चढ बाकी असतो, म्हणून तिथे नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी वर यायचा प्रयत्न करू नका, असं फलकावर थेट लिहिलेलं असतं. आपल्याकडे उलटं होतं. माथा गाठला की ट्रेक झाला असं वाटतं, आणि उतरताना भर दुपारी, पाणी संपलेलं, गुडघे थरथरत असताना घसाऱ्यावरून यावं लागतं. शिवाय आपल्या या बागलाण भागातलं ऊन कोरडं. घाम दिसायच्या आत सुकतो, अंगातून किती पाणी गेलं ते कळतच नाही.

पायवाट_नाशिक:
मजकूर पटला. आता जागेचं बोलतो, कारण खरी चूक तिथेच होते. फलक पहिल्या पायऱ्यांपाशी लावू नका. तिथवर आलेला माणूस परतत नाही. गाडी लावतात त्या जागी लावा, जिथून गावात जाऊन अजून दोन बाटल्या भरून आणणं सोपं आहे. बाजूला पिण्याच्या पाण्याचा नळ किंवा टाकी हवीच, नाहीतर फलक वाचून माणूस करणार काय?

तीन तास गाडी चालवून आलेल्याला नुसतं 'नको' म्हटलं तर तो ऐकत नाही, म्हणून वरच्या मजकुरात खिंडीचा पर्याय दिलाय तो फार चांगला. दुसरा छोटा फलक साल्हेर-सालोट्याच्या खिंडीत: 'इथून एकच किल्ला. १० वाजून गेले असतील तर एकही नाही.'

चित्रही हवं. कवटीचं नको. ग्रँड कॅन्यनच्या एका फलकावर उन्हाने लालबुंद झालेला, ओणवा होऊन ओकणारा तरुण काढलाय. धडधाकट माणसाला तो आपल्यातलाच वाटतो, म्हणून तो फलक लक्षात राहतो. आणि नुसत्या फलकावर तेही थांबले नाहीत. १९९७ पासून वाटेच्या तोंडाशी माणसं उभी राहून 'पाणी किती घेतलंय?' विचारतात. तुमच्याकडे शनिवार-रविवारी सकाळी दोन मुलं बसली, तर फलकापेक्षा जास्त काम होईल.

लोखंडकाम:
फ्लेक्स घेऊ नका, पहिल्याच वादळात कडीपाशी फाटतो. लाल अक्षरंही नकोत. उन्हात लाल रंग सगळ्यात आधी उडतो, म्हणजे नेमका महत्त्वाचा शब्द जातो. पिवळ्यावर काळं ठेवा.

४ × ३ फुटांचा, २ मिमी ॲल्युमिनियमचा पत्रा, त्यावर रिफ्लेक्टिव्ह शीट. १० फुटांवरून वाचायला एक इंची अक्षर पुरतं म्हणतात, पण देवनागरीत मात्रा, रफार आणि जोडाक्षरं बारीक होतात. दीड इंच धरा, पहिली ओळ अडीच.

दोन इंची जीआय (जस्ताचा थर दिलेले लोखंडी) पाइप दोन, प्रत्येकी ९ फूट. २ फूट जमिनीत, फलकाची खालची कड ४ फुटांवर. पाइपच्या तळाशी आडवी सळई वेल्ड करा, नाहीतर गुरं अंग घासून पाइप फिरवतात. खड्डा दीड × दीड × २ फूट, काँक्रीट १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी), एका खड्ड्याला साधारण एक पोतं सिमेंट. वरचा भाग बाहेरच्या बाजूला उतरता करा. पाणी साचलं की पाइप नेमका काँक्रीटच्या तोंडाशी गंजतो. सात दिवस पाणी मारा. नटबोल्टऐवजी रिव्हेट, म्हणजे पत्रा भंगारात जाणार नाही.

बुरूज_१५६७:
काम सुरू करण्याआधी परवानगी घ्या. साल्हेर राज्य संरक्षित स्मारक आहे, आणि २०२५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही. राज्य पुरातत्त्वच्या नाशिक कार्यालयाला जागेचा नकाशा आणि मजकूर जोडून ग्रामपंचायतीचा ठराव द्या. जागा वनविभागाची असेल तर त्यांचंही पत्र लागेल. खिंडीत कातळाला ड्रिल मारू नका. खांबाभोवती दगड रचून तो घट्ट बसवता येतो.

वाघांबे_वाट:
खिंडीत दगड रचायचं जमेल. १०८ आणि ११२ हे नंबर फलकावर घालू का?

घसारा:
घाला, पण त्या पाच ओळींपासून वेगळे, खालच्या कडेला. त्याशेजारी रेंज कुठे मिळते ती जागा लिहा, आधी दोन-तीन कंपन्यांच्या सिमवर तपासून. आणि नळापाशी वेगळी पाटी: 'ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात.' अर्ध्या लिटरच्या बाटलीत ती ओतली तर मिठाचं प्रमाण दुप्पट होतं. बसलेल्या मुलांना एवढं शिकवा: उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, तर त्याला पाजत बसू नका. सावलीत आडवा करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि लगेच १०८ लावा.