गेल्या दसऱ्याच्या तोरणातलं बी लावलंय, पण झेंडूला कळ्याच नाहीत

अंगणवेल (पुणे), 14 ऑगस्ट
नमस्कार मंडळी. गेल्या दसऱ्याच्या तोरणातली वाळलेली फुलं सासूबाईंनी कागदी पिशवीत जपून ठेवली होती. यंदा त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिलाय, म्हणून जूनअखेर बी मीच पेरलं. आठ रोपं आली. गुडघाभर उंच, हिरवीगार, पण कळी एकही नाही. बाल्कनी पूर्वेची, ऊन साडेदहापर्यंत. आठवड्याला चमचाभर युरिया देते. तीन रोपांची खालची पानं राखाडी पडलीत. या वर्षीचं तोरण आमच्याच फुलांचं व्हावं, असं त्यांच्या फार मनात आहे. वेळ गेली का?

मळेकरी (पुरंदर)
ताई, वेळ गेलेली नाही. गेल्या वर्षी दसरा 2 ऑक्टोबरला होता, यंदा अधिक महिन्यामुळे 20 ऑक्टोबरला आहे. म्हणजे हातात दोन महिने आहेत.

युरिया आजच बंद करा. नत्र जास्त झालं की झेंडू नुसता पाल्यावर जातो. कुंडीला मूठभर गांडूळखत आणि चिमूटभर लाकडाची राख पुरे. आणि कुंड्या गच्चीत न्या, सहा तास तरी ऊन लागतं. तुम्ही देताय त्यात पानं येतील, फूल अडून बसेल.

तिसरं काम या आठवड्यातच करा: शेंडा खुडा. वरची दोन पानं आणि मधला कोंब नखाने मोडायचा, बोटांना झेंडूचा उग्र वास येईल. आठ-दहा दिवसांत पानांच्या बगलेतून फुटवे निघतात आणि एका फुलाच्या जागी सहा-सात फुलं मिळतात. खुडल्यामुळे फूल थोडं लांबतं, म्हणून ऑगस्ट संपल्यावर मात्र शेंड्याला हात लावू नका. मोठ्या फुलांच्या झेंडूला दिवस लहान होऊ लागले की कळी लवकर धरते, त्यामुळे सप्टेंबर तुमच्या बाजूने आहे. कळी हरभऱ्याएवढी झाली की पुढे पंधरा-वीस दिवस धरा.

खुडलेले शेंडे टाकू नका. खालची पानं काढून ओल्या मातीत सावलीला खोचा, मुळं धरतात. माझ्या आईने वाफ्याच्या कडेची रोपं अशीच वाढवली.

गच्चीतली (नाशिक)
राखाडी पानं उलटी करून बघ गं. बारीक जाळी आणि हलणारे लाल ठिपके दिसले तर लाल कोळी आहे. आधी पानांच्या खालच्या बाजूला जोराने पाणी मार. मग लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब साबण घालून संध्याकाळी फवार. आठवड्याने पुन्हा. फार राखाडी झालेली पानं तोडून कचऱ्यात टाक, कुंडीत नको. आणि पाणी मुळाशी घाल, कळ्या भिजत राहिल्या की कुजतात.

बीजवाला (कोल्हापूर)
एक गोष्ट आधीच सांगतो म्हणजे सासूबाई हिरमुसणार नाहीत. बाजारातला टपोरा झेंडू बहुतेक संकरित असतो. त्याच्या बियांची फुलं मूळ फुलासारखीच येतील असं नाही, काही एकेरी पाकळ्यांची, काही लहान निघतील. तोरणात तीही छान दिसतात. त्यातलं जे रोप मनासारखं फुलेल, त्याची दोन फुलं झाडावरच वाळू द्या. बी म्हणजे काळी काडी आणि टोकाला पिवळट कुंचा. काडी चिमटीत कडक लागली तर भरलेली, मऊ लागली तर पोकळ.

अंगणवेल, 16 ऑगस्ट
कोळीच होता! पानं धुतली, फवारलं. कुंड्या गच्चीत नेल्या. शेंडे खुडताना माझा हातच चालेना, मग सासूबाईंना खुर्चीत बसवून कुंडी समोर धरली, त्यांनी आठही खुडले. शेंडे मातीत खोचलेत. मळेकरी दादा, त्यांना पाणी रोज घालू का?

मळेकरी
माती बोटाला ओलसर लागेल इतकंच, ताई. चिखल नको. नवी पानं फुटेपर्यंत उन्हात काढू नका.