भौगोलिक शब्दांमधली अर्थाची जवळीक मोजायचीय, कसं करू?

पोळवाली_बडोदा:
नमस्कार मंडळी. ओपनस्ट्रीटमॅपवर (कोणीही भर घालू शकतो असा खुला नकाशा) आमच्या बडोद्यातल्या जागा मराठीत भरतेय आणि त्यावर छोटं सर्च बनवायचंय, म्हणजे कोणी ओढा शोधला तर नाला आणि कांस पण दिसायला हवं (कांस म्हणजे इथे पावसाचं पाणी वाहून नेणारा मोठा नाला, भूखी कांस वगैरे). फास्टटेक्स्टचे तयार मराठी व्हेक्टर (मजकुरावरून शिकलेली, प्रत्येक शब्दाची आकड्यांची यादी) घेतले, कोसाइन (दोन याद्या किती जवळच्या याचा आकडा) काढलं, तर वाव च्या शेजारी संधी नि मुभा! आमच्याकडे वाव म्हणजे पायऱ्यांची विहीर, लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात नवलखी वाव आहे ना, तशी. पोळ (आमच्याकडे जुन्या वस्तीतली गल्ली) टाकलं तर पोळी, पोळा. आणि नदी-पूल चा आकडा नदी-ओढा पेक्षा जास्त. दोन रात्री यातच गेल्या. कोणी केलंय का असलं काही?

शब्दवेडा:
ताई, शेवटचं आधी घेतो, खरी गोम तिथेच आहे. सारखेपणा वेगळा आणि संबंध वेगळा. ओढा नदीसारखा असतो, पूल नदीसारखा नसतो, पण वाक्यांत नदी नि पूल सतत एकत्र येतात आणि व्हेक्टर आजूबाजूचे शब्द बघूनच शिकतो. बालातोरे, बर्तोलोत्तो नि विल्सन यांनी २०१४ मध्ये ओपनस्ट्रीटमॅपचेच ९७ शब्द घेऊन ५० जोड्या लावल्या, २०३ इंग्रजी भाषकांकडून मार्क घेतले आणि या दोन गोष्टी मुद्दाम वेगळ्या विचारल्या. तुम्हीपण आधी माणसांना विचारा, मग त्या मार्कांशी मशीनचे आकडे ताडून बघा. स्पिअरमनचा सहसंबंध लावा, म्हणजे नुसता क्रम जुळतो का ते कळतं.

माळव्यातला:
+१. ही रीत जुनीच आहे, रुबेनस्टाइन-गुडइनफ यांनी १९६५ मध्ये ६५ जोड्या ५१ जणांना दिल्या होत्या, अर्थ किती सारखा याला ० ते ४ मार्क. त्यातल्या ३० जोड्या मिलर-चार्ल्सनी १९९१ मध्ये परत घेतल्या, त्यात कोस्ट-शोअर (दोन्ही किनाराच) ला ३.७० आणि कोस्ट-फॉरेस्ट (किनारा-जंगल) ला ०.४२. पोळ चं म्हणाल तर फास्टटेक्स्ट शब्दाचे तुकडे करून शिकतं, त्याने नदीच्या, नदीकाठी ही रूपं छान सांभाळली जातात पण पोळ ला पोळी चिकटते तीही त्यानेच. आयआयटी मुंबईचं मराठी वर्डनेट (अर्थांप्रमाणे शब्द लावलेला कोश) बघा, तिथे अर्थ सुटे ठेवलेत. वाव, पोळ, कांस चे बडोदी अर्थ मात्र हातानेच जोडा, आमच्या इंदुरात कांस म्हटलं तर कोणाला काही कळणार नाही.

पोळवाली_बडोदा:
खूप खूप आभार दोघांचे! काल १२ जोड्या कागदावर लिहून घरात आणि शेजारी फिरवल्या. वाव-विहीर ला सगळ्यांनी ४ दिले. आजीला नदी-पूल विचारलं तर म्हणाली, "अगं, विश्वामित्रीला पूर आला की आधी काळाघोड्याच्या पुलाचंच विचारतो ना आपण, मग ४च." मग सारखे आहेत का विचारलं तर लगेच ०. एकाच जोडीला दोन मार्क! आता प्रत्येक जोडीसमोर दोन रकाने करतेय. पण एक अडलंय, सगळे मार्क बडोद्याचेच घेऊ की इंदूर, ग्वाल्हेर, पुण्याचेपण?

शब्दवेडा:
सगळीकडचे घ्या, पण एकत्र करून सरासरी काढू नका. पोळ-गल्ली ला बडोद्यात ४ आणि पुण्यात ० आले तर मधला २ कोणाचाच नाही. गावाचा रकाना ठेवा.

माळव्यातला:
फॉर्म टाका इथेच, इंदूरचे वीस जण माझ्याकडे.