डाऊन सिंड्रोममध्ये मेंदू ग्लुकोज जास्त वापरतो की कमी?

धाकट्याची_ताई:
भाऊ ४३ वर्षांचा, डाऊन सिंड्रोम. अलीकडे शर्टाची बटणं लावताना मधेच थांबतो आणि माझ्याकडे बघत राहतो. आवडत्या मालिकेतल्या माणसांची नावंही गाळायला लागलाय. न्यूरॉलॉजिस्टनी मेंदूचा एफडीजी पेट स्कॅन सुचवला (एफडीजी हा ग्लुकोजसारखा किरणोत्सर्गी पदार्थ टोचून मेंदू कुठे किती ग्लुकोज वापरतो ते बघतात म्हणे). वाचायला बसले आणि डोक्याचा भुगा झाला. एका जुन्या लेखात म्हणे डाऊन असलेल्यांचा मेंदू ग्लुकोज जास्त वापरतो, नव्या लेखात म्हणे कमी. खरं काय? आणि कमीच असेल तर गोड वाढवायचं का? (मावशीनं वाढव आणि बंद कर, दोन्ही सांगून झालंय.)

काळोखी_खोली:
ताई, मी पेट विभागात तंत्रज्ञ आहे. दोन्ही लेख खरे असू शकतात, वय बघा. जुन्या अभ्यासांत बरेचदा तरुण माणसं होती. त्यांचा वापर इतरांएवढा, कधी जास्तही आढळला. २००३च्या एका अभ्यासात स्मृतिभ्रंश नसलेल्या मध्यमवयीनांतही टेम्पोरल, म्हणजे कानशिलाजवळच्या भागात तो वाढलेला दिसला. जास्त म्हणजे चांगलं असं मात्र नाही. तेवढंच काम करायला मेंदूला जादा राबावं लागतंय, असा त्याचा एक अर्थ लावतात. पुढे अल्झायमरचा आजार सुरू झाला की मेंदूच्या मागच्या बाजूचे पोस्टीरियर सिंग्युलेट, प्रीक्युनियस, शिवाय पराइटल आणि टेम्पोरल भाग मंदावत जातात.

मूळ २१व्या गुणसूत्रात आहे. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं अमायलॉइड ज्यापासून बनतं त्या प्रथिनाचं जनुक, एपीपी, तिथेच असतं आणि यांच्याकडे त्याच्या दोनाऐवजी तीन प्रती. चाळिशीपर्यंत जवळजवळ सगळ्यांच्या मेंदूत अमायलॉइड साचलेलं असतं, पण लक्षणं बहुधा पन्नाशीच्या आसपास येतात. त्यामुळे ४३ला बदल दिसला तर लगेच अल्झायमरचाच शिक्का मारू नका.

गोडाचं: मेंदू वजनाच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराच्या ऊर्जेतला सुमारे २० टक्के वाटा त्याचा. रक्तात साखर असतेच. कमी होतो तो पेशींचा वापर. दुकानात माल भरपूर आहे, गिऱ्हाईकच रोडावलंय. साखर वाढवून फक्त वजन आणि मधुमेहाची काळजी वाढेल.

आता आमच्या खोलीतलं. ४ ते ६ तास उपाशी आणा, कारण रक्तातली साखर चढलेली असली की ती एफडीजीशी स्पर्धा करते आणि चित्र फिकं येतं. इंजेक्शननंतर अर्धा-पाऊण तास मंद उजेडात, गप्प पडून राहायचं. तेव्हा मोबाईलवर गाणी दिलीत तर ऐकण्या-बघण्याचे भाग उगाच उजळतात. भूल किंवा गुंगीचं औषध लागणार असेल तर ते हा वेळ संपल्यावरच द्या, असं आधी बोलून ठेवा. गुंगीत मेंदूचा वापर आपोआप घटतो आणि अहवाल फसवा येतो. बरेच जण हे विचारतच नाहीत.

लेकीची_आई:
स्कॅनच्या आधी साध्या तपासण्या झाल्यात का? माझी लेक अशीच मंदावली होती, थायरॉइड निघालं. गोळी सुरू केली आणि हळूहळू पुन्हा स्वतःचं स्वतः करायला लागली. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), बी१२, कानातला मळ आणि ऐकू येणं, मोतीबिंदू, नैराश्य, झोपेत श्वास अडकणं, सगळं बघून घ्या. आणि तो पूर्वी काय-काय करायचा ते लिहून न्या. ‘कसा आहे’पेक्षा ‘कसा होता’ हे डॉक्टरांना तुम्हीच सांगू शकता.

धाकट्याची_ताई:
टीएसएच ठीक आहे, बी१२ उद्याच करते. घोरतो मात्र जोरात, मधेच श्वास थांबल्यासारखाही होतो. आम्ही सगळे त्यावर हसायचो. आणि एकटा त्या खोलीत पडून राहील असं वाटत नाही.

काळोखी_खोली:
मग श्वासाची गोष्ट डॉक्टरांच्या कानावर आधी घाला. घाई नसेल तर झोपेची तपासणी पहिली, असं मी सुचवेन. झोप अपुरी असली तरी मेंदूचा ग्लुकोज वापर बदलतो आणि मग चित्रातली घट नक्की कशाची ते कळत नाही. जवळ कोणी थांबायचं हे विभागाला फोन करून ठरवा. इंजेक्शननंतर त्याच्या अंगातून किरणोत्सर्ग येतो, म्हणून गरोदर बाई किंवा लहान मूल सोबत नको. एफडीजीतलं किरणोत्सर्गी फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, रात्रीपर्यंत फारसं उरत नाही. तुम्ही थोड्या अंतरावर, न बोलता बसू शकाल का, तेवढं विचारा.