अथेन्सला अडीच दिवस, सोबत आई-बाबा. नुसते दगडच बघायचे का?

उनाड_पावलं: जूनच्या शेवटी अथेन्सला जातोय, मी, बायको आणि माझे आई-बाबा. अडीच दिवस हातात आहेत. बाबांना इतिहासाचं वेड, त्यांना अ‍ॅक्रोपोलिस टेकडीवरचं जुनं देऊळ, पार्थेनॉन, दाखवलं की भरून पावलं, पण आईचे गुडघे दुखतात आणि बायको आत्तापासूनच म्हणतेय की तीन दिवस पडके खांब बघणार नाही, काहीतरी आजचं पण दाखव. सगळ्यांचं जमेल असं काही आहे का? आणि टेकडी आईला झेपेल का?

दगडफूल: पहिलं काम म्हणजे अ‍ॅक्रोपोलिसचं तिकीट ऑनलाइन काढ आणि सकाळी आठचा स्लॉट घे. वेळ ठरवूनच आत सोडतात. वर सावली म्हणून नाही, आणि उष्णतेची लाट आली की दुपारी बारा ते पाच टेकडी बंदच ठेवतात, मागच्या काही उन्हाळ्यात असं झालंय. बूट चांगल्या ग्रिपचे हवेत, लाखो पावलांनी तिथला संगमरवर इतका गुळगुळीत झालाय की कोरड्यात पण पाय सटकतो, माझा दोनदा सटकला. हाय हील्स घालून तर जाऊच देत नाहीत. पार्थेनॉनचं काम इ.स.पू. ४४७ ला सुरू झालं वगैरे बाबांना माहीत असेलच, पण त्यांना १६८७ ची गोष्ट विचार. तुर्कांनी आत दारूगोळा साठवला होता, व्हेनिसवाल्यांचा तोफगोळा नेमका त्यावर पडला आणि मधला भाग उडाला. म्हणजे दोन हजार वर्षं बऱ्यापैकी उभी राहिलेली इमारत एका संध्याकाळीत गेली, मला तर ते वाचून अजून चिडचिड होते.

मेट्रोवाली: गुडघ्यांचं म्हणशील तर टेकडीवर लिफ्ट आहे, पण ती व्हीलचेअरवाल्यांसाठी आणि ज्यांना चालताच येत नाही त्यांच्यासाठी, म्हणून आधी चौकशी करून ठेव. नाही जमलं तर आईंना खालच्या अ‍ॅक्रोपोलिस म्युझियममध्ये ने, खरं सांगू, मला टेकडीपेक्षा तेच जास्त आवडलं. २००९ साली उघडलं. जमिनीला काच आहे आणि काचेखाली जुन्या वस्तीच्या भिंती, विहिरी. माझी सासू काचेवर पाय ठेवायला तयारच नव्हती, कडेकडेने भिंत धरून गेली 😄 वरच्या मजल्यावर समोरच खरा पार्थेनॉन दिसतो. आणि टेकडीवरच्या दुसऱ्या एका देवळाचे स्त्री-मूर्तींचे खांब बघ, पाच तिथे आहेत, सहावी इंग्रजांनी नेली ती लंडनला, तर तिची जागा मोकळीच सोडलीय. भांडण न करता टोमणा कसा मारायचा ते यांच्याकडून शिकावं. टेकडीवर दिसतात त्या नकला आहेत.

बायकोला सिंटाग्मा मेट्रो स्टेशन दाखव. खोदताना जे सापडलं ते तिथेच काचेमागे लावलंय, मातीचे थर, पाण्याचे नळ, एक थडगं सांगाड्यासकट, आणि लोक कॉफी घेऊन त्याच्यासमोरून ऑफिसला पळतायत. मोनास्तिराकी स्टेशनात तर झाकलेली एरिदानोस नदी दिसते. नवं-जुनं वेगळं करायची गरजच नाही तिथे.

दगडफूल: मेट्रोत पाकीट सांभाळ मात्र, एअरपोर्टच्या लाइनवर विशेष. आणि हो, बऱ्याच ठिकाणी टॉयलेट पेपर कमोडमध्ये टाकायचा नसतो, बाजूच्या डब्यात. घरच्यांना आधी सांगून ठेव, नाहीतर पंचाईत.

गच्चीवरचा: निव्वळ आजचं हवं असेल तर समुद्राच्या बाजूला स्टाव्रोस निआर्कोस सेंटर. रेंझो पियानोने डिझाइन केलंय, राष्ट्रीय लायब्ररी आणि ऑपेरा एकाच छताखाली, आत फिरायला पैसे नाहीत. बाग हळूहळू चढत जाते आणि कळायच्या आत तुम्ही छतावर पोचता, दमलात तर लिफ्ट आहेच. वरून एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला लांब अ‍ॅक्रोपोलिस. संध्याकाळी जा. टेकडीच्या पायथ्याची जुनी वस्ती, प्लाका, मात्र मला ओव्हररेटेड वाटलं, मॅग्नेट विकणाऱ्यांची रांग नुसती, वरच्या अनाफिओटिकाच्या पांढऱ्या गल्ल्या बऱ्या.

मेट्रोवाली: प्लाकाला नावं ठेवू नका हो, सकाळी लवकर गेलात तर छान असतं.

उनाड_पावलं: सगळ्यांना खूप धन्यवाद! मग असं ठरलं, पहिल्या दिवशी सकाळी मी आणि बाबा टेकडीवर, आई आणि बायको म्युझियमला, नंतर आम्ही दोघं तिथेच येऊ. आईला काचेच्या जमिनीचं सांगितलं तर म्हणाली, त्यापेक्षा गुडघे दुखले तरी टेकडी परवडली.